नऊ फुटांवरचं भोक

"अगं सुई, मणी पळाला!" ढब्बू ओरडला.

सुई विज्ञान केंद्राच्या दालनात पृथ्वीचा गोळा पुसत होती. उद्या दालनाचं उद्घाटन! सुट्टीच होती, म्हणून ती आणि तिचा मावसभाऊ ढब्बू सकाळीच मदतीला आले होते. पृथ्वीपासून चंद्रापर्यंत दहा फुटी दांडी होती आणि दांडीवर लाल मणी. दोघांच्या ओढी जिथे एकमेकींना खोडून टाकतात, ती जागा तो मणी दाखवायचा. हे सगळं सुईच्या बाबांनी बनवलं होतं. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. सुई अजून रडली नव्हती. दात काढल्यावर गाल होतो ना, तसं आत सगळं बधिर होतं.

चंद्राजवळचा मणी आता दांडीच्या मधोमध बसला होता! जुनं भोक लांबीचा लगदा भरून बुजवलेलं.

"सुतारकाका, हे कोणी केलं?" सुईने कोपऱ्यात काम करणाऱ्या काकांना विचारलं.

"साहेबांनी सांगितलं, म्हणून मी केलं. आपण हुकमाचे ताबेदार!"

तेवढ्यात साहेब, म्हणजे केंद्राचे संचालक, फोन कानाला लावूनच आले. "अगं, सारखी ओढ म्हणजे मध्यभागच की! बाबा आजारी होते तुझे. झाली चूक. आम्ही घेतली सांभाळून." तिच्या डोक्यावर थोपटून ते गेलेसुद्धा.

आपल्याला राग यायला हवा, हे सुईला कळत होतं. पण आला नाही. तिने मोजफीत उचलली.

"टोक धर."

पृथ्वीच्या मध्यापासून बुजलेलं भोक बरोब्बर नऊ फुटांवर. तिथून चंद्राचा मध्य एक फूट.

"नऊच का पण?" ढब्बूने विचारलं.

"अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते. तिप्पट झालं की नववा हिस्सा."

"बे दुणे चार, तीन त्रिक नऊ... म्हणजे नऊपट लांब गेलं तर एक्याऐंशीवा हिस्सा!" ढब्बूची नजर भिंतीवरच्या फलकावर गेली आणि त्याने दोन उड्याच मारल्या. 'पृथ्वी चंद्राच्या सुमारे एक्याऐंशी पट जड!' "चल, साहेबांना सांगू!"

"आपलं ऐकायचे नाहीत ते. त्यांनाच सांगायला लावू."

दुपारी केंद्राच्या अध्यक्षीणबाई पाहणीला आल्या. संचालक ऐटीत म्हणाले, "हा बघा समतोलाचा बिंदू!"

सुईने वर्गातल्यासारखा हात वर केला. "सर, जड कोण?"

"पृथ्वी! एक्याऐंशी पट."

"आणि मण्यापासून लांब कोण?"

"कोणीच नाही. दोघंही सारखेच..." संचालक वळून मण्याकडे बघायला लागले.

"मग जास्त कोण ओढणार हो?" ढब्बूने साळसूदपणे विचारलं.

अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुईकडून सगळा हिशेब दोनदा समजून घेतला. तासाभरात सुतारकाकांनी लांबी खरवडली आणि मणी नऊ फुटांवर बसवला.

"शाबास पोरी! मोठ्यांचे डोळे उघडलेस," बाई म्हणाल्या.

"चुकलं माझं," संचालक पुटपुटले. "साधा हिशेबही केला नाही मी."

सुईला ते शब्द लांबून आल्यासारखे ऐकू आले. रडायला लागला तो ढब्बूच! तिने त्याला रुमाल दिला.

"फलकावर तुझं नाव घालू," संचालक म्हणाले. "दुरुस्ती केली म्हणून."

"नको. दुरुस्ती कसली? बाबांचं बरोबरच होतं."

संचालकांनी खिशातून पेन काढून एका कागदावर बाबांचं पूर्ण नाव लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. "नीट लिहिलंय ना?"

सुईने ते दोनदा वाचलं.

"हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला.