मालनबाईंचं कनेक्शन

मुक्ता तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. त्या काळजीनं रात्रभर माझा डोळा लागला नाही. घाटी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, कान ठीक आहेत, बोलेल. मी बी.ए. झालेली बाई, आणि पोरीच्या तोंडून साधं 'आई' काढता येईना.

विद्यापीठाच्या नामविस्ताराचा दुसरा दिवस होता. तिला सांभाळणाऱ्या शेजारच्या भामाबाई विद्यापीठाच्या गेटवर निघाल्या होत्या. "इतक्या वर्षांनी नाव लागलं, आज घरी कोन बसंल बाई?" मग मुक्ताला कडेवर घेऊन मी चिकलठाण्याच्या ऑफिसात आले.

आमच्याकडं मजकूर लिहायचा प्रोग्राम एकच. आतल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर तो महिनोन्महिने बंद न होता चालू राहायचा. टेबलांवर नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड. त्यांवरून आम्ही त्याला जोडले जायचो. एकीनं उघडलेलं पान दुसरीलाही दिसायचं. स्क्रीन बंद केला, तरी आत पान जागंच.

दुपारी माझ्या पानावर एक ओळ आपोआप उमटली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी.

पोरीला इथं बसवा.

मुक्ता माझ्या टेबलाखाली गोधडीवर झोपलेली. बाकीच्या जेवायला गेलेल्या. कोपऱ्यातल्या मालनबाईंच्या टेबलाकडून मात्र टक... टक... ऐकू येत होतं. कीबोर्डवरचं प्लास्टिक धुळीनं भरलेलं. दिवाळीत करमाडजवळ जीप उलटून मालनबाई गेल्या, तेव्हापासून तिथं कुणी बसलं नव्हतं. जाईच्या तेलाचा वास आला. तेल त्याच लावायच्या.

मशीन सांभाळणाऱ्या सखारामभाऊंना हाक मारली. त्यांनी माझ्या स्क्रीनवर काहीतरी तपासलं आणि आवाज खाली आणला.

"ताई... मालनबाईंचं कनेक्शन चालूच हाय. त्या दिवशी घाईत तशाच उठल्या वाटतं."

"मग तोडा ना."

"एकलं तुटंना. समदा प्रोग्राम बंद करावा लागंल. समद्यांचं अर्धं काम जाईल. सायेब उभा फाडतील मला."

"भाऊ, माझी पोरगी आहे हो इथं..."

त्यांनी कोपऱ्यात जाऊन टेबलामागची वायरच उपटली. तिचं टोक हातात धरून ते माझ्याकडं बघत राहिले. माझ्या स्क्रीनवर अक्षरं येतच होती.

बोलती करते.

मी खाली वाकले. गोधडी रिकामी.

मुक्ता मालनबाईंच्या खुर्चीत बसली होती. भाऊंच्या पायांजवळून ती कधी चढली, त्यांनाही कळलं नाही. काळ्या स्क्रीनकडं बघत तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. उचलताना टेबलाची कड सोडेना. एकेक बोट सोडवावं लागलं.

रिक्षा पुंडलिकनगरला पोचेपर्यंत मी तिला छातीशी दाबून धरलं होतं. कुलूप काढलं, तिला दारात उभं केलं आणि वेड्यासारखी विनवत बसले.

"बाळा, बघ, घर आलं. आई म्हण ना... एकदाच. आई."

मुक्तानं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. अनोळखी बाईकडं बघावं तसं. मग स्वच्छ म्हणाली,

"ताई, माझी आई तिथंच राहिली."