शेवटच्या बाकावरचे निरीक्षक

कोणाचं टाचण उतरवताय? सुरुचीचं? उतरवा, उतरवा. मी ओरडणार नाही. तीस वर्षं बी.एड.च्या पोरांना शिकवलं. त्यातली निम्मी एकमेकांच्या वह्या उतरवूनच शिक्षक झाली, आणि बरं शिकवतात म्हणे. फक्त उतरवण्याआधी एकदा वाचत जा. बद्रीनाथनं वाचलं नव्हतं. माझाच विद्यार्थी, म्हणून खात्रीनं सांगतोय. ते दार लोटून घ्या जरा, वारं येतंय.

साल दोन हजार चार. सतरा डिसेंबर, शुक्रवार. कॉलेज वाघोलीत होतं. तेव्हा तिथं ज्वारीची शेतं होती आणि मधूनच एखादी अर्धवट बांधलेली सोसायटी. बद्रीनाथ मेहकरकडचा. त्याच्या खोलीतली बाकीची पोरं कॉल सेंटरला चिकटली होती, रात्री गाडी दारात न्यायला यायची. याला मात्र मास्तरच व्हायचं होतं. कारण विचारलं की तो आपला डावा कान दाखवायचा. चौथीत असताना गुरुजींच्या एका थपडेत तो कान कायमचा गेला होता. "माझ्या वर्गात कोणी मार खाणार नाही, सर," एवढंच त्याचं शिक्षणशास्त्र. परीक्षेत या उत्तराला दोन गुणही मिळाले नसते, पण मला तो पोरगा त्यासाठीच आवडायचा.

शनिवारी सकाळी साडेसातला त्याचा शेवटचा पाठ होता, कसब्यातल्या एका शाळेत. सहावी, भूगोल, 'धरणे'. त्यासाठी त्यानं थर्माकोलचं खडकवासला केलं होतं, निळ्या रंगाच्या पाण्यासकट. सकाळच्या बसमध्ये ते टिकायचं नाही, म्हणून आदल्या संध्याकाळीच शाळेत नेऊन ठेवू म्हणाला. काम एवढंच होतं. धरण ठेवायचं आणि परत यायचं.

पण नगर रोडवर तेव्हाही कंपन्यांच्या गाड्यांची रांगच रांग. धरण मांडीवर घेऊन तो दीड तास एका जागी बसला. कसब्यात पोचला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. शाळेचा शिपाई पोपट फाटकाजवळच्या खोलीत राहायचा. त्यानं धरणाकडे बघितलं, मग बद्रीनाथकडे.

"आता कुठं वाघोलीला जाताय? हितंच पडा की मास्तर. वर सहावीचा वर्ग हाय, दिवा हाय. फाटकाला कुलूप घालतो, सकाळी सहाला काढतो."

"काका, मले..." बद्रीनाथ थांबला. पुण्यात त्याच्या 'मले'ला सगळे हसायचे, म्हणून त्यानं शब्द फिरवला. "मला अजून टाचण लिहायचं आहे."

"मग ल्ह्या की. वर्गातल्या लोखंडी कपाटात जुन्या वह्यांचा ढीग पडलाय. तुमच्यासारखेच कोण कोण टाकून गेलेत."

आता टाचण म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको, पण दाराशी बसलेल्या या पाहुण्या मंडळींसाठी सांगतो. पाठाच्या आदल्या रात्री पानाचे दोन रकाने करायचे. डावीकडे शिक्षक काय करणार, उजवीकडे विद्यार्थी काय करणार. म्हणजे उद्या पोरं काय बोलतील हेही आपणच आज लिहून ठेवायचं. पोरं अर्थातच तसं काही बोलत नाहीत, पण निरीक्षक शेवटच्या बाकावर बसून ते सगळं तपासतात आणि लाल शाईनं शेरा देतात.

कपाटात अगदी तळाशी बद्रीनाथला एक वही सापडली. तपकिरी कव्हर, नाव फाटलेलं, साल एकोणीसशे एकोणऐंशी. भूगोल, सहावी, 'धरणे'. देव पावला म्हणाला असेल. धरण टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि साडेअकराला लिहायला बसला.

शिक्षक धरणाचे उपयोग विचारतात. विद्यार्थी उत्तर देतात. शिक्षक नकाशा दाखवतात. विद्यार्थी नकाशा पाहतात. उतरवताना हात चालतो आणि डोकं झोपतं, तुम्हाला अनुभव आहेच. बाहेरच्या गल्लीतली शेवटची दुकानं बंद झाली. कुत्री भुंकायची थांबली. तो लिहीत राहिला.

एक वाजून दहा मिनिटांनी मधल्या रांगेतला एक बाक करकरला.

त्यानं वर पाहिलं. वर्ग रिकामा. मग त्याच्या लक्षात आलं की आवाज त्याच्या डाव्या कानात आला होता. ज्या कानाला पंधरा वर्षांत काही ऐकू आलं नव्हतं, त्या कानात.

त्यानं आपण काय लिहिलंय ते पहिल्यांदाच वाचलं.

शिक्षक त्या मुलास उभे करतात. विद्यार्थी उभा राहतो.

शिक्षक पट्टी घेतात. विद्यार्थी हात पुढे करतो.

शिक्षक मारतात. विद्यार्थी गप्प.

शिक्षक पुन्हा मारतात. विद्यार्थी ओरडतो.

शिक्षक डोक्यात मारतात. विद्यार्थी पडतो.

टाचण आदल्या रात्री लिहितात, पोरांनो. म्हणजे कोणीतरी आदल्या रात्री दिव्याखाली बसून, समास आखून, हे सगळं ठरवून लिहिलं होतं.

वही मिटायला त्यानं हात उचलला. हात वहीकडे गेला नाही. टेबलावरच्या लाकडी पट्टीकडे गेला.

तो उभा राहिला. त्याला उभं राहायचं नव्हतं.

पट्टी वर गेली आणि खाली आली. धरण फुटलं. थर्माकोलचे कण वर्गभर उडाले.

पट्टी पुन्हा वर गेली. या वेळी ती हवेतच कशावर तरी लागली. काहीतरी मऊ... आणि लहान. झिणझिण्या त्याच्या खांद्यापर्यंत आल्या. पुन्हा. पुन्हा. त्याच पट्टीनं त्याचीच बोटं सोलून निघाली, रक्त मनगटावरून कोपराकडे ओघळायला लागलं. हात थांबेना.

"सर, नको..."

डाव्या कानात. अगदी जवळ.

तेव्हा त्यानं वर्गाच्या मागच्या टोकाला पाहिलं. निरीक्षकाकडे कधी बघायचं नाही, पोरांकडे बघायचं, हा पहिला धडा मीच त्याला दिलेला. त्यानं तरी पाहिलं.

शेवटच्या बाकावर कोणीतरी बसलं होतं. पांढरा सदरा. मान खाली. मांडीवर वही... लिहीत होतं.

"सर..." बद्रीनाथ म्हणाला. "सर, थांबवा ना."

मान वर झाली नाही. पेन चालूच राहिलं.

पट्टी वर जायला लागली. या वेळी खूप वर. पुढची ओळ कोणती, ते त्याला ठाऊक होतं.

"मले नाही माराचं," तो ओरडला. "मले नाही माराचं..."

लोखंडी कपाटाचं दार उघडंच होतं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, उजवा हात ओढत नेला, कपाटाच्या चौकटीत घातला, आणि अंगाचा सगळा भार टाकून दार लावलं.

हाड मोडल्याचा आवाज झाला.

पट्टी सुटली नाही.

पुन्हा दार.

पुन्हा.

तिसऱ्या वेळी बोटं उघडली. पट्टी खाली पडली. वर्ग गप्प झाला... मग मागून पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला. टक्. त्यापुढचं त्याला काही आठवत नाही.

सकाळी सहाला पोपटनं कुलूप काढलं. वर गेला तर मास्तर कपाटाशी पडलेले, उजव्या हाताचा लगदा, खाली रक्त आणि सगळीकडे पांढरे कण. साडेसातला पाठ बघायला मीच जाणार होतो. मी पोचलो तेव्हा रिक्षात घालून त्याला हलवत होते. शुद्धीवर होता. मला म्हणाला, "सर, मी मारलं नाही ना? डोक्यात मारलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

पोपटला मी ती तपकिरी वही दाखवली. साल बघून तो सांगायला लागला. एकोणऐंशी साली तो नुकताच नोकरीला लागला होता. त्या वर्गात पाठ चालू असताना सहावीचा एक पोरगा पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. कागदावर लिहिलं, बाकावरून पाय घसरला.

"आन् निरीक्षक?" मी विचारलं. माझ्याही तोंडून त्याच्यासारखंच 'आन्' आलं.

"होते की. मागल्या बाकावर. पोरगं पडलं तरी उठले न्हाईत. घंटा होईस्तोवर लिहीतच व्हते. दुसऱ्याच वर्षी वारले."

बद्रीनाथच्या तीन बोटांत सळ्या घातल्या. जानेवारीत त्याचा तो पाठ मी पुन्हा बघितला. डाव्या हातानं फळा लिहिला त्यानं, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मागच्या बाकावर बसून माझे डोळे भरून आले. आता तो त्याच्याकडच्या एका आश्रमशाळेत आहे. उजव्या हाताची मूठ वळत नाही. "बरं झालं," असं म्हणतो.

एक गोष्ट मात्र मी पोपटला सांगितली नाही, बद्रीनाथलाही नाही.

त्या सकाळी रिक्षा गेल्यावर मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या वहीत टाचणाच्या शेवटी लाल शाईतला शेरा होता: 'वर्गनियंत्रण उत्तम.' खाली एक लपेटदार सही.

मग बद्रीनाथची वही. त्याच्या खिशात एकच पेन होतं, निळं. टाचण अर्ध्यावर तुटलं होतं. पण पानाच्या तळाशी शेरा होता. तीच लाल शाई. तीच लपेटदार सही. तारीख त्या दिवसाची, अठरा डिसेंबर.

'हात कच्चा. हाच पाठ दुसऱ्याकडून घ्यावा.'

मी त्यावरून बोट फिरवलं... बोट लाल झालं.