बिलातला भाडेकरू

नर्सबाईंच्या घरात भाडेकरू नव्हता. घरपट्टीच्या बिलात मात्र होता, चांगला दोन खोल्या अडवून बसलेला. त्याच्यापायी पट्टी तिप्पट झाली होती आणि ती थकल्यामुळे परवा घराला सील लागणार होतं.

करनिरीक्षक चारही खोल्या फिरून आले. दिवसातली ही सातवी तक्रार. पाय भरून आले होते, कुणाचं गाऱ्हाणं ऐकायचं त्राण उरलं नव्हतं. तरी स्वयंपाकघरात ते थबकले. फरशीत मधोमध सिमेंटचा पट्टा होता.

"इथे भिंत होती?"

"हो, पलीकडे कोठीची खोली. तीन वर्षांपूर्वी पाडली."

निरीक्षकांनी गेल्या वर्षीच्या मोजणीचा कागद काढला. पाच खोल्या, दोन भाड्याने. खाली शेरा: घराला कुलूप, माहिती फाटकापाशी भेटलेल्या माणसाकडून. मोजणीदारांची ही जुनीच खोड. कुलूप दिसलं की जो भेटेल त्याला विचारायचं आणि पुढचं घर गाठायचं.

बाईंचा संशय शेजारच्या शिंप्यावर होता. या घरावर त्याचा कधीचा डोळा, आणि वर रोज स्वयंपाकघरात चहाला हजर. विकून टाक असं मुलगाही म्हणे. त्यानं गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. पण तो बापाशी भांडून वेगळा झाला त्याला पाच वर्षं झाली होती. बाप गेल्यावरही तो फाटकाबाहेरूनच हाक मारायचा.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी तिघांना कचेरीत बोलावलं.

"घरात खोल्या किती?"

"चार," शिंपी म्हणाला.

"पाच," मुलगा म्हणाला. "कोठीची धरून."

निरीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. कोडं सुटल्याचा आनंद त्यांना आताशा होत नसे.

"शिंपी रोज तिथे बसतो. तो पाच सांगणार नाही. पाच सांगेल तो भिंत पाडल्यापासून घरात न आलेला माणूस. आई थकून घर विकेल म्हणून भाडेकरू तुम्ही रचलात. खोल्यांचं मात्र खरं सांगायला गेलात, आणि तिथेच सापडलात."

"तिला आता घर झेपत नाही," मुलगा पुटपुटला.

"तुझ्या बाबांची चाकाची खुर्ची वळत नव्हती, म्हणून पाडली भिंत," बाई म्हणाल्या. "आत आला असतास तर दिसलं असतं."

निरीक्षकांनी अर्ज पुढे सरकवला. बिल दुरुस्त व्हायचं तर खोटी माहिती देणाऱ्याचं पूर्ण नाव त्यात हवं होतं. चौकशी, दंड, सगळं मग त्या नावामागे लागणार होतं. निरीक्षकांना मनापासून वाईट वाटलं, पण दुसरा रस्ता नव्हता.

बाईंनी मुलाचं नाव लिहिलं. त्यापुढे वडिलांचं नाव यायचं होतं. तिथे त्यांचा हात थांबला.

त्यांनी पेन मुलापुढे ठेवलं.

"हे तुझं तू लिही."