चौघांचं टेबल

मावशीची नर्स न सांगता निघून गेली, तेव्हा घरात सगळ्यांना आपापली कामं आठवली. आईचे गुडघे ठणकायला लागले, भावाच्या ऑफिसात नेमकं ऑडिट निघालं आणि उरली ती ढब्बू. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी, बिनलग्नाची, म्हणजे घरच्यांच्या लेखी सदा मोकळी. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढब्बू. आता काडीपैलवान झाली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

"दुसरी नर्स मिळेपर्यंत तर जायचंय," आई म्हणाली. "जिन्यावरून पडून मांडी मोडलीय तिची, जागचं हलता येत नाही. आणि तुझ्यावर तिचा जीव आहे गं."

ढब्बूने रजा टाकली आणि एक पिशवी भरून ती त्याच दिवशी निघाली.

मावशीचं घर रस्त्याच्या टोकाला, शेवटचं. वर मावशीची खोली, खाली स्वयंपाकघर, त्याला लागून जेवणाची मोठी खोली. काका जुन्या वस्तूंचा व्यापार करायचे. ते गेल्यावर दुकान विकलं, पण घरात त्यांनी हौसेने ठेवून घेतलेलं बरंच काही होतं. त्यात मानाची जागा एका डिनर सेटची. पातळ चिनी मातीच्या प्लेटा, काठाला निळी वेल. पिवळट पडलेल्या हाडाच्या मुठींच्या सुऱ्या, चांदीचे काटे, जड पायांचे पेले. जेवणाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात हे सगळं असायचं. लहानपणी ढब्बूला त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

म्हणूनच पहिल्याच दिवशी चहा पिता पिता मावशी जे बोलली, त्याचं तिला नवल वाटलं.

"दिवस मावळायच्या आत खाली टेबल मांडून ठेव. चौघांचं. कपाटातला सेट काढ."

"कोण येणार आहे?"

"मांड तर. पांढरा टेबलक्लॉथ घे, इस्त्रीचा. सुरी प्लेटच्या उजवीकडे, धार आत. काटा डावीकडे. पेला सुरीच्या टोकापाशी. आणि मांडून झालं की सरळ वर यायचं. तिथे घुटमळायचं नाही."

"आणि जेवायला काय करू?"

मावशीने कप खाली ठेवला. "काही नाही. त्यांना आपलं जेवण चालत नाही."

म्हातारपण, दुसरं काय, असं ढब्बूने मनाशी म्हटलं. कुणी देवाला फुलं वाहतं, कुणी रिकामं टेबल मांडतं. तिने मुकाट्याने मांडलं. उलट मजाच वाटली तिला. इतकी वर्षं नुसती लांबून बघितलेली प्लेट आता हातात होती. फक्त एक गोष्ट खटकली. मावशी म्हणायची, हा सेट कधी वापरलेलाच नाही. पण प्लेटांच्या पोटात बारीक चरे होते. शेकडो, एकावर एक. बोट फिरवलं तर लागत होते. रोज कुणीतरी सुरीने कापून खाल्ल्यासारखे.

सकाळी खाली आली तर चारी खुर्च्या मागे सरकलेल्या. चारी नॅपकिन चुरगळून प्लेटांशेजारी टाकलेले. तिने एक उचलला. ओलसर होता.

ती तशीच वर गेली. मावशी छताकडे बघत पडली होती.

"मावशी, रात्री घरात कोण आलं होतं?"

"कडी लावली होतीस ना?"

"हो."

"मग कुणी आलं नाही. ते इथेच असतात." मावशीचा आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याबद्दल बोलावं तसा. "तुझ्या काकांनी एका ओस पडलेल्या घरातून सेट आणला. चार जणांचं घर होतं, एवढंच कळलं. मी एकदा हौसेने मांडून ठेवला, आणि मग… मग मांडावाच लागला रोज."

"नाही मांडला तर?"

"तर ते वर येतात."

ढब्बू हसायला गेली, पण हसू ओठांवरच थिजलं. मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काका गेले त्या संध्याकाळी आम्ही लग्नाला गेलो होतो, यायला उशीर झाला. आता मी पडले तीही अशीच. डोळा लागला होता, जाग आली तर अंधारलेलं. मांडायला म्हणून धावत उतरत होते."

"पण हॉस्पिटलात होतीस तेव्हा कोण मांडत होतं?"

"कुणी नाही. म्हणून तर डॉक्टरांशी भांडून लवकर आले. शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, तुमची माणसं बिचारी रात्रभर उभीच असतात हो, त्यांना बसायला तरी सांगा." मावशीने डोळे पुसले. "नर्सला बजावलं होतं, मांड आणि वर ये. ती बघायला थांबली."

त्या दिवशी ढब्बूचं कशात लक्ष लागेना. दूध उतू गेलं, गोळ्या द्यायची वेळ चुकली. बाहेर वारा सुटला होता, आभाळ भरून आल्याने दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. दिवस मावळायला अवकाश होता तरी ती घाईघाईने मांडायला लागली. आणि घाईनेच घात केला. शेवटची प्लेट हातातून निसटली, फरशीवर आपटली आणि तिच्या ठिकऱ्या झाल्या.

कपाटात पाचवी प्लेट नव्हती. चारच होत्या, आता तीन. वर मावशीला सांगायचा धीर होईना. स्वयंपाकघरात रोजच्या वापरातली एक साधी पांढरी प्लेट होती. तिने ती पुसली, चौथ्या जागी ठेवली, शेजारी काटा-सुरी लावली. लांबून बघितलं तर फारसं कळत नव्हतं. एका दिवसाचा तर प्रश्न, तिने स्वतःला समजावलं आणि वर जाऊन बसली.

ती मावशीला भात भरवत होती तेव्हा खाली खुर्ची सरकली.

मावशी थांबली. दुसरी खुर्ची सरकली. मग तिसरी. मग बराच वेळ काहीच नाही. फक्त वाऱ्याने खिडकीचं दार कुरकुरत होतं.

मग काट्याने प्लेटवर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. त्या जुन्या प्लेटांचा आवाज घंटेसारखा किणकिणता असायचा. हा मात्र बद्द वाजला.

"ढब्बू…" मावशी कुजबुजली. "काय मांडलंस तू?"

तिने सांगितलं. सांगताना तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. तेवढ्यात जिन्याची पहिली पायरी करकरली.

मावशीने तिचं मनगट घट्ट धरलं. "कपाटाच्या खालच्या खणात सूपच्या खोलगट बश्या आहेत. त्याच सेटमधल्या. जा, त्यातली एक मांड."

"जिन्यात तो चौथा…"

"तो कठडा धरून येतो, हळूहळू. तू भिंतीला चिकटून उतर. वर बघू नकोस. वाट दे त्याला. जा गं बाळा. मला उठता येत नाही."

ढब्बू उतरली. भिंतीला पाठ लावून, डोळे पायांवर ठेवून, एकेक पायरी. मध्यावर आली तेव्हा तिच्या पायाखालची पायरी वाजली आणि त्याच पायरीचं दुसरं टोकही वाजलं. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या कपाटाचा वास आला, कोंदट, जुन्या चांदीचा. खळ घातलेल्या कापडाची कडक कड तिच्या दंडाला घासून गेली. वरची पायरी करकरली, मग त्याच्या वरची.

मग ती धावली. खण उघडला, बशी काढली, टेबलापाशी आली. मान खालीच होती. टेबलक्लॉथ तीन ठिकाणी दबलेला दिसला, कोपरं टेकल्यासारखा. तीन प्लेटांशेजारी सुऱ्या नव्हत्या. त्या खाली पडलेल्याही नव्हत्या. कुठेतरी वर, तिच्या चेहऱ्याच्या उंचीला, धातूचा बारीकसा आवाज झाला आणि थांबला. सगळे तिची वाट बघत थांबल्यासारखे.

तिने पांढरी प्लेट उचलली. निळ्या वेलीची बशी तिच्या जागी ठेवली.

"चुकलं माझं," ती कसंबसं म्हणाली. "माफ करा."

वर मावशीच्या दाराची मूठ फिरताना ऐकू येत होती. ती फिरायची थांबली. पावलं परत फिरली, जिना उतरली, तिच्या मागून गेली. खुर्ची सरकली. ढब्बू उलट्या पावलांनी चालत स्वयंपाकघरात शिरली, तिथून जिन्यावर, तिथून मावशीच्या अंथरुणात. दोघी एकमेकींचा हात धरून पडून राहिल्या. खालून बराच वेळ किणकिण येत होती, शांत, सावकाश, भरल्या घरात जेवणं चालली असावीत तशी.

सकाळी लख्ख ऊन पडलं. ढब्बूने भावाला फोन केला आणि ऑडिट गेलं खड्ड्यात, आत्ताच्या आत्ता गाडी घेऊन ये, असं बजावलं. मावशी तिच्याकडे बघून क्षीण हसली.

"टेबल आवरून येते," ढब्बू म्हणाली आणि खाली आली.

खुर्च्या मागे सरकलेल्या होत्या, नॅपकिन चुरगळलेले. ती एकेक गोष्ट गोळा करत टेबलाच्या टोकाशी आली आणि थबकली. तिथे आणखी एक पान मांडलं होतं. तिने न मांडलेलं. खोलगट बशी, पेला, घडी घातलेला कोरा नॅपकिन. खुर्चीही अर्धी बाहेर ओढून ठेवलेली, कुणाला सहज बसता यावं अशी.

फक्त मांडणी उलटी होती. सुरी डावीकडे, काटा उजवीकडे. इतकी वर्षं बिनचूक मांडलेल्या टेबलावर बसणारी माणसं अशी चूक कशी करतील, असं तिच्या मनात आलं.

मग तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ढब्बू जन्माची डावखुरी होती.