उभ्याउभ्या न्योकी

एकोणतीस तारीख म्हणजे उरुग्वेतल्या आमच्या साल्तोत न्योकीचा दिवस. बटाट्याच्या त्या मऊ गोळ्या वळायला मला कुठला वेळ… म्हणून भुरभुर पावसात मी मिल्तोनच्या दुकानासमोर रांगेत. माझा नंबर आला, आणि आतल्या दारात त्याच्या कुत्र्यानं खाल्लेलं सगळं जमिनीवर टाकलं. पोट आवळलं नाही, उमासा नाही. नळातून पाणी पडावं तसं.

"अर्धा किलो?" मिल्तोननं विचारलं. पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या.

"कधीपासून करतोय हा असं?"

"मिनिस्त्रो? म्हातारा झालाय, बाई. चार पावलं चालला की बसतो. खायचं तेवढं विसरत नाही, म्हणून तर नाव मिनिस्त्रो, मंत्री."

"बाई नाही, डॉक्टर. जनावरांची. उद्या घेऊन या त्याला."

एक्स-रेत हृदयाच्या पुढे लिंबाएवढी गाठ दिसली. सुईनं नमुना काढला.

"कॅन्सर?" मिल्तोननं हळूच विचारलं.

"हो. पण कुठला ते कळायचंय. एक अंगभर पसरणारा. दुसरा छातीतल्या ग्रंथीचा — कुत्र्यांत क्वचितच होतो, स्नायू दुबळे करतो, पण कापून काढता येतो. लोंबलेल्या पापण्या, थकणारे पाय, न उतरणारा घास… मला दुसरा वाटतोय. मोंतेविदेओहून उत्तर येईपर्यंत त्याला उभं करून भरवा. अन्न आपोआप खाली उतरेल."

नीट भरवतोय का, हे बघायला मी रोज दुपारी जाऊ लागले. मिनिस्त्रो पुढचे पाय पिठाच्या पोत्यावर टेकून जेवायचा. शेजारी मिल्तोनही उभा, हातात ताटली.

"तुम्ही का उभे?"

"मी बसलो की हा बसतो. घ्या, तुमचीही ताटली. साहेबांसमोर बसायची पद्धत नाही आमच्यात."

उत्तर आलं — दुसराच होता, काढता येणारा. मिल्तोननं डोळे पुसले, तर गालभर पीठ.

गाठ निघाली, तरी घशाला ताकद यायला महिने गेले. आम्ही तिघं उभेच जेवत राहिलो.

मग एका एकोणतीस तारखेला मी ताटली जमिनीवर ठेवली. मिनिस्त्रोनं न्योकी चाटून फस्त केल्या आणि आडवा झाला. आम्ही श्वास रोखून बघत होतो. काही बाहेर आलं नाही.

"चला… आता माझं इथं काही काम नाही," मी म्हटलं. आवाज उगीच डॉक्टरी.

मिल्तोननं आतून दोन खुर्च्या ओढत आणल्या. दोन्ही नव्या. बहुतेक कधीपासून आणून ठेवलेल्या.

"काम नाही, म्हणूनच बसा. आज… आणि रोज."

"साहेबांची परवानगी?"

"ते झोपलेत."

मी बसले.