कुंडीतली व्हिटा

“खून झालाय,” मास्तर म्हणाले. “खुनी घरातच आहे. माझी सून.”

गुप्तहेर अक्कांनी खिडकीकडे पाहिलं. कुंडीतलं मयूरपंखीचं झाड करपून तपकिरी झालं होतं. कुंडीवर मास्तरांच्या दिवंगत पत्नीनं रंगानं लिहिलं होतं, ‘व्हिटा’.

“व्हिटा म्हणजे?” अक्कांच्या भाच्यानं विचारलं.

झालं, लॅटिनच्या मास्तरांना तेवढंच निमित्त हवं होतं. “व्हिटा म्हणजे जीवन. विज्ञानानं त्यातून व्हिटॅमिन काढलं. धर्मानं संतांच्या चरित्रांना तेच नाव दिलं. कवींनी त्यावर उसासे टाकले. आणि या झाडाचं लॅटिन नावच जीवनवृक्ष. माझी बायको रोज त्याला पाणी घालायची, आता मी घालतो. आयुष्यभर बघत आलोय.”

बोलून बोलून घसा बसला. मास्तरांनी मोरीवर जाऊन गुळण्या केल्या आणि पेल्यात उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. “वाया कशाला घालवायचं? तिचीच सवय.”

मास्तरांची लेक पुढे आली. “वहिनीला मी स्वतः पाहिलं. कात्रीनं फांद्या कापत होती.”

“कापल्या,” सून खालमानेनं म्हणाली. “बाबांना काय सांगणार? ते बोलतात, ऐकत नाहीत.”

“सासूबाई पाणी कसं घालायच्या?” अक्कांनी विचारलं.

“सकाळी बाबांना दोन पेले द्यायच्या. दुसऱ्यातलं उरलेलं कुंडीत.”

“उद्या माहेरी जा. कायमची,” मास्तर कडाडले.

अक्कांनी मातीवरचा पांढरट थर बोटानं उचलला.

“विष?” भाचा दचकला.

अक्कांनी बोट जिभेला लावलं. “मीठ. मास्तर, पहिला पेला गुळण्यांचा, मिठाचा. दुसरा साध्या पाण्याचा, चूळ भरायला. बाई दुसऱ्यातलं झाडाला घालायच्या. तुम्ही एकच पेला भरता, मिठाचा, आणि तोच कुंडीत रिकामा करता. आत्ता माझ्यासमोर केलात.”

“मग कात्री कशाला?” भाच्याची गाडी अजून तिथंच.

“झाड वाळत चाललेलं हिला दिसलं. हिरवं होतं तेवढं हिनं वाचवलं. कुठं लावलंस गं?”

सुनेनं स्वयंपाकघरातून मातीनं भरलेला डबा आणला. त्यात हिरवी कोवळी टोकं उभी होती.

मास्तरांनी डबा हातात घेतला. आयुष्यभर त्यांनी बायकोचा पाणी ओतणारा हात तेवढा पाहिला होता. पेला कुठला, हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि खुनी म्हणून बोट दाखवलं ते या पोरीकडे.

“चुकलो, पोरी,” ते कसेबसे म्हणाले. “जाऊ नकोस.”

सुनेनं डबा त्यांच्या हातून घेऊन खिडकीत ठेवला. थोड्या वेळानं मास्तरांनी भीत भीत पेला भरून आणला. “मी घालू याला पाणी?”

“घाला ना, बाबा,” सून म्हणाली. “पण आधी चाखून बघा.”

मास्तरांनी मुकाट्यानं पेला ओठांना लावला.