पायवाटेवरचे अठरा

"हात वर! फासा लावताय?"

मी गुडघ्यांवर बसून झाडाच्या बुंध्याला डबी बांधत होते. अशी दचकले की डबी थेट बोटावरच आदळली. मागे वनरक्षक उभा. हातात काठी, कपाळाला आठ्या, आणि डोळे मात्र... असो.

"फासा नाही हो, मोजणीची डबी आहे," मी बोट चोखत म्हटलं. "समोरून माणूस गेला की आकडा एकाने वाढतो. या राखीव रानाला माणसांचा भार कितपत झेपतो, ते मला लिहून द्यायचंय."

"आणि नाही झेपला तर?"

"दिवसाला पन्नासच्या वर गेलं तर पायवाट बंद. तळ्याकाठी पाखरांची घरटी आहेत ना."

त्याचा चेहरा पडला. तळ्यापलीकडच्या वस्तीला दवाखाना गाठायला हीच काय ती जवळची वाट. "वळशाने गेलं तर तीन तास लागतात, मॅडम." एवढं बोलून त्याने खिशातला रुमाल काढला आणि माझ्या बोटाला गुंडाळला. न विचारता!

तेव्हापासून माझं काही खरं नव्हतं. चहा ओतायचा आणि निवू द्यायचा. बांधलेली बुटाची नाडी सोडून परत बांधायची. माझा तंबू वाटेच्या टोकाला, आणि तो सारखा तिथे हजर. कधी "पाणी आहे ना?", कधी "साप-बिप दिसला का?", कधी नुसताच खोकला.

"अगं, तू रान मोजतेस की त्याच्या फेऱ्या?" ताईने फोनवर विचारलं.

"गप गं!"

आठवड्याने डबी उघडून आकडा पाहिला. दिवसाला अठ्ठावन्न!

तो आला तेव्हा सांगून टाकलं, "वाट बंद करा असंच लिहावं लागणार."

तो काठीच्या टोकाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "त्यातले... अठरा मी आहे."

"म्हणजे?"

"नऊदा यायचं, नऊदा जायचं."

"गस्त असते ना तुमची?"

"गस्त तिकडे टेकडीवर असते."

"मग इकडे कशाला येता?"

"एवढ्या शिकलात मॅडम, आणि हे कळेना?"

माझी कानशिलं तापली. हातातलं पेन उगीच उघडलं, मिटलं. "तोंडी चालत नाही. आकडा वजा करायचा तर लेखी कारण लागतं. साहेब वाचतात."

गस्त सोडून भटकल्याबद्दल बदली होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्याने वही ओढली आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं – 'मोजणीच्या बाईंना पाहण्यासाठी.' खाली सही, तारीख.

साहेबांचा फोन आला. रागावलेत की हसतायत, कळेना. "आठवडाभर पुन्हा मोजा. आणि तो गडी त्या वाटेवर फिरकला तर बदली नक्की, सांगा त्याला."

सात दिवस! खोकला नाही, साप नाही, काही नाही. नुसती पाखरं ओरडायची. पाचव्या दिवशी मी ताडकन उठले, त्याच वाटेने टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेले. वर झाडीत खाकी सदरा दिसला... तशीच मागे फिरले. सहाव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी तर चहासुद्धा न ओतता निघाले.

आठव्या दिवशी अहवाल घेऊन चौकीवर गेले. तो उठून उभा राहिला, पण विचारायचा धीर होईना.

"वाट चालू राहणार," मी म्हटलं. "वस्तीत सांगून टाका."

त्याने केवढा मोठा श्वास सोडला! मग कागद वाचू लागला. चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस... बोट अडलं. "शेवटचे तीन दिवस बेचाळीस? जास्तीचे दोन कोण?"

"खाली लिहिलंय."

खाली माझं अक्षर होतं – 'वनरक्षकाला पाहण्यासाठी, जाऊन-येऊन.' सही, तारीख.

तो कानापर्यंत लाल झाला. "अहो, साहेब वाचतील हे!"

"वाचू देत."

बाहेर वारा सुटला होता. टेबलावरचे कागद फडफडत होते, आणि आम्ही दोघंही ते धरायला एकदमच वाकलो... हात सोडायचं कुणालाच सुचलं नाही.

"उद्या निघालात ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो. बसथांब्यापर्यंत सोडायला या. आणि आईला काय सांगायचं, तेही वाटेत ठरवू."

"कुणाच्या आईला?"

"दोघांच्याही!"

तो हसला. "बस कितीची?"

"नऊची."

"मग मी सातला येतो."

"सहाला या," मी म्हटलं.